सात बाटल्या

साबणाने हात धुताना माझ्याकडे कुणी पाहिलेले मला आवडत नाही. वसमतच्या माझ्या दुकानात मागच्या अंगाला नळ आहे. मी तिथे हात धुवायला गेले की माझा मुनीमसुद्धा तोंड फिरवून बसतो. नव्या माणसाला वाटते, बाईंचे काही सोवळेबिवळे असेल. तसे काही नाही. हळदीत दिवस घालवलेल्या हाताला साबण लागला की हात आधी लालभडक होतो, मनगटापर्यंत, आणि पाणी ओतत राहिले की हळूहळू पुन्हा पिवळ्यावर येतो. मधली ती लाल दोन मिनिटे मला सोसत नाहीत. या बाजारात माझ्याविषयी बरेच बोलले जाते. ही बाई भाव ऐकून आधी हसते आणि मग भांडते, हिच्याशी सौदा करायचा तर जेवून जावे, असे लोक म्हणतात. ते सगळे खरे आहे आणि त्यातले काही मी मागे घेणार नाही. हिंगोलीला त्या दुपारी माझ्यावर अन्याय झाला, हेही मी आजवर शंभर जणांना सांगितले आहे. फक्त जितक्या वेळा सांगितले तितक्या वेळा अर्धेच सांगितले. आज पुरे सांगायचे ठरवून बसले आहे.

आमचे घर कुरुंद्याला. संक्रांत झाली की घर नावालाच उरायचे, सगळे बिऱ्हाड शेतात कढईपाशी. कढई म्हणजे चार माणसे आत बसतील एवढे लोखंडी भांडे, खाली खोदलेली चूल, आणि जळणाला हळदीचाच वाळलेला पाला. त्या पाल्याचा चरचर आवाज आणि त्यावर ओल्या हळकुंडांचा खळाळ, या दोन आवाजांत मी लहानाची मोठी झाले. शिजत आलेल्या हळदीला एक वास सुटतो. तो हळदीच्या पुडीचा वास नव्हे. ओल्या मातीत कुणी आंब्याची कोय चिरावी तसा काहीसा. आता सगळीकडे वाफेचे कुकर आले, तासाभरात ढीग शिजून बाहेर येतो, आणि त्या वासाचे कुणाला काही वाटत नाही. मलाही धंदा म्हणून कुकरच परवडतो. तरी एखाद्या थंड सकाळी कुणाच्या शेतातून पाल्याचा धूर आला की मी गाडी थांबवायला सांगते आणि ड्रायव्हरला खोटेच सांगते, की मोबाईलला रेंज बघते आहे.

चुलीच्या निखाऱ्यात माय वांगी पुरून ठेवायची. भाजलेल्या वांग्याला कांदा, हिरवी मिरची, कच्चे तेल, आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून सरळ हातात. त्या दोन महिन्यांत आमच्या भाकरीला पिवळी बोटे उमटलेली असायची. बा म्हणायचे, “आपल्या घरच्या वरणात हळद घालू नका, ती वाढणाऱ्याच्या हातानंच पडती.” बा फार बोलत नसत. एवढा एकच विनोद त्यांना येत असे आणि दर वर्षी ते तो एकदा करत.

घरात शब्द चालायचा तो काकांचा. काका म्हणजे बांचे थोरले भाऊ. हळद शिजली की नाही हे ते ज्वारीच्या धांड्याची काडी हळकुंडात खुपसून ठरवत. काडी आरपार गेली की म्हणायचे, “उतरवा.” त्यावर कुणी काही बोलायचे नाही. माणसांचेही ते असेच ठरवत. मी दहावीत होते. त्यांनी काडी खुपसून पाहिले होते आणि माझी शाळा शिजली आहे असे त्यांचे मत होते.

मला मात्र विज्ञान हवे होते. का हवे होते ते नीट सांगते, कारण पुढे लोकांनी मला डॉक्टर व्हायचे होते, नर्स व्हायचे होते असे काहीबाही जोडले. मला काही व्हायचे नव्हते. आमच्या शाळेत एक खोली होती, तिच्यात एक कपाट, दोन टेबले आणि एक स्पिरिटचा दिवा. विज्ञानाचे कदम सर एक दिवस चुन्याची निवळी घेऊन आले आणि मला म्हणाले, नळीने यात फुंक. मी फुंकले. पाण्यासारखी स्वच्छ निवळी माझ्या डोळ्यांदेखत दुधासारखी झाली. माझ्या श्वासात असे काही आहे, जे बाहेर आल्यावर दिसते, हे मला कुणी सांगितले नव्हते. घरी सगळे म्हणत, हिच्या तोंडाला लागू नका. आणि इथे माझ्या तोंडातून निघालेल्या एका फुंकरीला सर म्हणाले होते, “शाबास, बरोबर.”

त्या वर्षी हिंगोलीला शाळाशाळांची विज्ञानाची सांघिक स्पर्धा ठरली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली म्हणजे मोठे गाव. तिघांचा एक संघ. समोर सात बाटल्या ठेवणार, आकडे घातलेल्या, आत काय ते सांगणार नाहीत. चव घ्यायची नाही, वास घ्यायचा नाही. दिलेल्या सामानात चाळीस मिनिटांत सातही ओळखायच्या. जिंकणाऱ्या शाळेला ढाल. कदम सरांनी तिघे निवडले. नसरीन, तांड्यावरचा प्रकाश राठोड आणि मी.

नसरीनचे अब्बा तराजू दुरुस्त करायचे. पंचक्रोशीतले तराजू त्यांच्या ओसरीवर टांगलेले असत आणि ते एका डोळ्याने काट्याकडे बघत असत. बापाचा हात तिच्यात उतरला होता. ती ड्रॉपरमधून थेंब सोडायची तर मोजून सोडायची, आणि पुढचा थेंब सोडण्याआधी पहिल्याचे काय झाले ते पाहत थांबायची. मला थांबणे कधी जमले नाही. प्रकाश हुशार होता पण धांदरट. तोंडाने काही ना काही चालूच. चुना तो आणायचा, बापाच्या तंबाखूच्या डबीतून चोरून. “घरी कळलं तर माझीच निवळी व्हईन,” म्हणायचा. बाकी मीठ, साखर, धुण्याचा सोडा, भाताची पेज, लिंबू, असे सगळे आपापल्या स्वयंपाकघरातून.

पण सरावाला दुपारी सुटायचे तर काकांची परवानगी हवी होती, आणि हळद तर शिजत होती. माझ्या आयुष्यातला पहिला सौदा मी कढईपाशी केला. तो मला शब्दन् शब्द आठवतो.

“काका, दहावी झाल्यावर मला हिंगोलीला सायन्सला जायचं.”

“काहून?”

“शिकायला.”

“तिथं मोठमोठ्यांची पोरं. तुला कोन इचारते?”

“स्पर्धा जिंकलो तर इचारतील की.”

काकांनी काडी कानामागे खोचली. त्यांना मजा वाटत असावी. “बरं. ढाल घिऊन ये. ढाल आली तर तुझ्या आत्याच्या घरी ठिवतो हिंगोलीला. न्हाई आली तर कढईवर.”

“पण मंग दुपारी सरावाला सोडा.”

“अन् काम?”

“सकाळी करते. पाचला येते, धा वाजेपर्यंत करते. एक दिवस खाडा न्हाई.”

“एकबी न्हाई?”

“एकबी न्हाई.”

“जायच्या दिवशीबी?” काका हसत म्हणाले. ती नुसती थट्टा होती. इतके मिळाल्यावर मी गप्प बसायला हवे होते. पण सौदा जुळल्याच्या आनंदात माणूस शेवटी एक गोष्ट फुकट देऊन बसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी म्हणाले, “जायच्या दिवशीबी. शब्द म्हंजे शब्द.”

आता समोरचा शेतकरी सौदा जुळल्यावर असे काही जास्तीचे कबूल करू लागला की मी त्याला हाताने थांबवते. लोकांना वाटते बाईंचे मन मोठे.

ते दिवस. सकाळी कढईतली गरम हळद पाटीत ओढायची, अंगणात पसरायची, गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी. दहाला धावत शाळा. दुपारी त्या खोलीत आम्ही तिघे. खिडकीतून लिंबाच्या झाडाची सावली टेबलावर हलायची, दिव्याची निळी ज्योत दिवसा जवळपास दिसायचीच नाही, आणि नसरीन चमच्यात दोन थेंब घेऊन ते आटायची वाट बघत बसायची. साखर काळी पडायची, मीठ पांढरे उरायचे, साध्या पाण्याचे काहीच उरायचे नाही. प्रकाश घड्याळ धरायचा. मी ठरवायची कुठली बाटली आधी. मला कुणी विचारले की तुमच्या आयुष्यातला सुखाचा काळ कोणता, तर मी दुकान टाकले तो दिवस सांगते. ते खरे नाही. त्या पंधरा दुपारी होत्या.

एक अडचण पहिल्याच आठवड्यात कळली. स्पर्धेत लिटमसच्या मोजक्याच पट्ट्या देणार होते. मी युक्ती काढली, पट्ट्या फाडून दोनाच्या चार करायच्या. नियमात फाडू नका असे कुठे लिहिले होते? पण मी फाडलेली पट्टी पिवळी व्हायची. सोड्याचा थेंब पडला की माझे बोटच लाल. “आपली शोभा म्हंजे चालतं-बोलतं लिटमस,” प्रकाश म्हणाला आणि इतका हसला की नळी फोडली. तेव्हा ठरले, कागदाला हात नसरीनने लावायचा, मी नाही. कदम सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “शेवटचे दोन-तीन दिवस हळदीत हात घालू नकोस. सांगून बघ घरी.” मी व्हय म्हणाले. घरी काही सांगितले नाही. शब्द दिला होता, आणि काकांपुढे शब्द मोडून उभे राहायचे म्हणजे सौद्यातली माझी बाजू गेली, असा माझा हिशेब.

जायच्या दिवशी पहाटे मी कढईवर गेले. काकांनी मला बघितले आणि म्हणाले, “आज ऱ्हाऊ दे. आवर जा.”

“शब्द म्हंजे शब्द,” मी म्हणाले आणि पाटी ओढली.

सात वाजता मायने माझे हात दह्याने चोळले, बेसनाने चोळले. ती चोळत होती आणि बोलत होती. “अगं, त्यो सोता जा म्हनला ना तुला? मंग? एवढा ताठा कोनासाठी?” मी तिच्या बांगड्यांकडे बघत राहिले. हात होते तसेच राहिले.

हिंगोलीच्या त्या शाळेच्या सभागृहात टेबलांभोवती दोरी बांधली होती. दोरीच्या आत संघ, बाहेर शिक्षक आणि बघे. बाकी मुलींचे गणवेश इस्त्रीचे. मी हात ओढणीखाली ठेवले. मफलर गुंडाळलेले एक वयस्कर परीक्षक आवाज न चढवता नियम वाचत होते. त्यातला पाचवा नियम असा की बाहेरून कोणतेही द्रव्य, कागद किंवा साधन आणू नये.

शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो. आयोडीनने पेज निळी-काळी झाली, एक बाटली झाली. लिटमसच्या तुकड्याने आम्ल सापडले, दोन. प्रकाशने नळीने फुंकले, चुन्याची निवळी दुधाळली, तीन. मीठ आणि साखर नसरीनने चमच्यावर काढली. वीस मिनिटांत पाच बाटल्या. बाजूच्या टेबलावर दोनच झाल्या होत्या. मी दोरीबाहेर पाहिले, कदम सरांनी डोळे मिटून घेतले होते. आणि तेवढ्यात प्रकाशच्या कोपराने उरलेले लिटमसचे तुकडे पाण्याच्या वाटीत गेले.

चार नंबरची आणि सात नंबरची बाटली राहिली. एकात सोडा, एकात साधे पाणी. दिसायला दोन्ही सारखी. “काही तकलीफ नाही,” नसरीन म्हणाली. तिने सात नंबरमधले पाणी चमच्यात घेतले आणि ज्योतीवर धरले. “आटू दे. खाली काही राहिलं तर सोडा. नाही राहिलं तर पाणी.” पंधरा मिनिटे हातात होती. चमचा आटायला सात-आठ पुरेत.

मी सात नंबरची बाटली पुन्हा जागेवर ठेवायला उचलली. तिच्या तोंडावरून एक ओघळ माझ्या बोटांवर आला. तो आपोआप आला की मी बाटली जरा जास्त कलती धरली, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी वकिलासारखी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिले आहे. एवढे खरे की मला थांबवत नव्हते. बोटे लाल झाली आणि मी म्हणाले, “सात सोडा.”

प्रकाश खो-खो हसला. “नसरीन, चमचा इझव. शोभाच्या बोटानं सांगितलं.”

परीक्षक दोन पावलांवर होते.

“बेटा, हाताला काय आहे?”

“हळद.”

“हळद लावून का आलीस?”

“लावून न्हाई आले. आमच्याकडं हळद शिजून राहिली.”

त्यांनी मान हलवली. त्यांना पटले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. त्यांना माझे म्हणणे पटले होते. ते म्हणाले, “तू मुद्दाम केलं नसशील. पण हळद म्हणजे सोडा ओळखणारा दर्शक, आणि तो बाहेरून आला. साबणाने धुऊन ये.” कोपऱ्यात नळ होता. मी साबण लावला, आणि सगळ्या सभागृहादेखत माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले. कुणीतरी पोरगी म्हणाली, “अगं बया, हिचं तर लगीनच लागलं.” हशा पिकला. मी हात घासत राहिले आणि ते आणखी लाल होत राहिले.

परत आले तेव्हा परीक्षक हळूच, फक्त आम्हा तिघांना ऐकू जाईल असे म्हणाले, “तू दोरीबाहेर उभी राहा. हे दोघं पुरं करतील. गुण कापत नाही.”

आज माझ्यापुढे कुणी असा प्रस्ताव ठेवला तर मी त्याचा हात धरून चहा पाजीन. सगळे आमच्याकडेच होते. वेळ होता, उत्तर ज्योतीवर आटत होते. मला फक्त चार पावले चालायची होती.

मी म्हणाले, “मंग समद्यांचेच हात तपासा.”

“बेटा, वेळ जातोय तुमचा.”

“हात काय घरी काढून ठिवून यायचं व्हतं?”

पुन्हा हशा. तेव्हा नसरीन, चमच्यावरची नजर न काढता, म्हणाली, “शोभा, जा ना बाहेर. हे आटलं की झालं.”

तिच्या बोलण्यात काही नव्हते. घाई होती, आणि माझ्यासाठीच होती, कारण ढाल कुणाला हवी आहे हे तिला ठाऊक होते. तिला स्वतःला ढालीची गरज नव्हती, तिचे अब्बा तिला पाठवणारच होते. पण मला त्यातले ‘जा ना बाहेर’ एवढेच ऐकू आले. स्वच्छ हातांची नसरीन आत आणि मी दोरीबाहेर, सगळ्यांपुढे, लाल हात घेऊन. बाटल्या ज्या लाकडी घोडीत उभ्या होत्या, तिच्याखाली मी हात घातला आणि ती उलटी केली.

आम्ल आणि सोडा एकत्र आले, टेबलावर फेस झाला, बाटल्या घरंगळत खाली गेल्या. कुणी हसले नाही. परीक्षकांनी कागदावर काही लिहायला पेन काढले होते. नसरीनने अजून चमचा खाली ठेवला नव्हता. ज्योतीवर तो तसाच धरून ती बघत होती, आणि पाणी पुरते आटल्यावर कडेने एक पांढरी रेघ उरली. “सात सोडा,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. परीक्षकांनी ते ऐकले. आमच्या संघापुढे काही न लिहिता पेनाचे टोपण लावले.

परतताना औंढ्याच्या स्टँडवर कदम सरांनी आम्हाला भजी घेतली. रागावले असते तर बरे झाले असते. मी खाल्ली नाहीत, नसरीननेही नाहीत. प्रकाशने तिघांची खाल्ली. “भज्याचा काय दोष,” म्हणाला. एसटीत नसरीनच्या शेजारची जागा रिकामी होती. मी मागे जाऊन उभी राहिले, कुरुंद्यापर्यंत.

काका कढईपाशीच होते. दिवस बुडत होता.

“ढाल?”

“न्हाई.”

त्यांनी पाला चुलीत सारला. मग म्हणाले, “मंग नंबर तरी आला असंल. दुसरा? तिसरा?”

चाळीस वर्षे मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरते आहे. समोरचा मागणी खाली आणतो तेव्हा त्याला सौदा मोडायचा नसतो, हे मला झोपेतही कळते. त्या संध्याकाळी काका खाली येत होते. ढालीवरून दुसऱ्या नंबरावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मी ‘नंबर न्हाई, पण उत्तर बराबर व्हतं’ एवढे म्हणाले असते तरी त्यांनी ते घेतले असते. त्याऐवजी मी माझी तक्रार मांडली. काय मांडली म्हणता. हळदीचे हात म्हणून मला उभे केले, सगळ्यांपुढे साबणाने धुवायला लावले, पोरी हसल्या, दोरीबाहेर जा म्हणाले. शब्दन् शब्द खरा. ‘हे दोघं पुरं करतील, गुण कापत नाही,’ एवढे फक्त गाळले. घोडी कुणी उलटवली तेही गाळले, म्हणाले बाटल्या सांडल्या. माय रडू लागली. बांनी पाटी खाली ठेवली.

काकांच्या हातातली काडी मोडली. “आपल्या हातची हळद खायाला चालती, अन् हात चालत न्हाई? असल्या लोकांत माझी पोरगी ठिवायची न्हाई मला. बास. इषय संपला.”

इतके बिनतोड मी पुढे कधीच बोलले नाही. काका माझ्या बाजूने झाले आणि माझी हिंगोली गेली.

कदम सर एकदा घरी आले. काकांनी त्यांना चहा दिला आणि हळदीच्या भावावर बोलत राहिले. दहावीचा निकाल लागला, मला बरे गुण पडले, कुणी पेढे आणले नाहीत. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. कढईवरून मी वाळलेली हळकुंडे घासायच्या पॉलिशच्या ढोलावर आले, ढोलावरून बाजारात. ज्या व्यापाऱ्याने बांना गोड बोलून फसवले त्याच्यासमोर उभी राहून मी पहिला भाव वाढवून घेतला, आणि आज त्याचा मुलगा माझ्याकडे माल घालतो. हात कुणी बघत नाही. या बाजारात पिवळा हात नसेल त्याच्याशीच कुणी बोलत नाही.

प्रकाशचे सेनगावकडे शेतीच्या औजारांचे दुकान आहे. भेटला की अजून म्हणतो, “शोभे, धाच मिंटं.” एवढेच. नसरीन रसायनशास्त्र शिकवायला लागली, कुठे लांब, आणि तिकडेच राहिली. तिच्या अब्बांनी काटा बसवून दिलेला तराजू माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे. आता सगळे इलेक्ट्रॉनिक. दर दिवाळीला मी तो खाली उतरवून पुसते आणि दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा कुठे थांबतो ते बघत बसते. तो मधोमध यायला वेळ लावतो. तेवढे मात्र मी थांबते.

दहावीनंतर नसरीन हिंगोलीला शिकायला जाण्याच्या आदल्या दिवशी शेतात आली होती. जूनची उन्हे, पाऊस अजून नव्हता. मी ढोल फिरवत होते. आत वाळलेली हळकुंडे एकमेकांवर घासत होती, त्या आवाजात तिची हाक मला ऐकू आली आणि मी ऐकू न आल्यासारखे केले. ती समोर येऊन उभी राहिली. नवी ओढणी, हातात काही नाही.

“उद्या जाते.”

“जा.”

“तू काकांना सांगितलंस का, ते साहेब काय म्हणाले होते?”

मी ढोल फिरवत राहिले. पिवळी धूळ उडत होती, तिच्या ओढणीवर बसत होती. ती झटकत नव्हती.

“मी सांगू?” ती म्हणाली. “मी सगळं सांगते. माझं ऐकतील ते. अजून फॉर्म भरून राहिलेत, शोभा.”

पारावर, जेमतेम वीस पावलांवर, काका दाभण घेऊन पोती शिवत बसले होते. ढोल थांबवला असता तर आमचे बोलणे त्यांना तिथे ऐकू गेले असते. मी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि जोरात फिरवला.

“तोंड उघडलंस तर बघ,” मी म्हणाले.

नसरीन तिथेच उभी राहिली. पहिल्या थेंबाचे काय होते ते पाहिल्याशिवाय पुढचा न सोडणारी ती मुलगी, माझ्या तोंडाकडे बघत, किती तरी वेळ. काकांनी एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिले, दोरा दाताने तोडला आणि दुसरे पोते घेतले.